चलच्चित्रे आणि वसाहतींचा इतिहास
(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्यांतील अनेक तरुण आज संगणकावर ॲनिमेशनची आणि व्हिज्युअल इफेक्ट्सची कामे शिकत आहेत. ही कला इतिहास शिकविण्याच्या कामी कशी लावावी, हा आजचा विषय. त्यासाठी मी आफ्रिकेतून अमेरिका खंडांत चाललेला गुलामांचा व्यापार घेतो. युरोपीय सत्तांच्या तेथील वसाहतींतले उसाचे मळे पिकले ते या लोकांच्या श्रमांवर. सुमारे सव्वा कोटी माणसे जहाजांत कोंबण्यात आली. पैलतीरी जिवंत उतरली ती सुमारे १ कोटी ७ लाख.

लंडनमध्ये १७८९ साली ‘ब्रूक्स’ जहाजाचा आराखडा छापण्यात आला. आदल्या वर्षीच्या कायद्याने या जहाजावर ४५४ माणसांची मर्यादा पडली होती. तत्पूर्वी एका सफरीत त्याने ६०९ माणसे वाहिली होती. फळीवर ओळीने आडव्या मांडलेल्या मानवाकृती, एवढेच ते चित्र. पण ते पाहून लोक हादरले.

आता दुसरे पाहा. २०१३ साली एका डॅनिश कंपनीने शाळकरी मुलांसाठी याच विषयावर संगणकीय खेळ काढला. त्यातील एका भागात आफ्रिकी माणसे टेट्रिसच्या ठोकळ्यांप्रमाणे जहाजात बसवावयाची होती! २०१५ साली गहजब उडाला, तेव्हा तो भाग गाळण्यात आला. हेतू वाईट नसेलही. परंतु दाटी तीच असूनही चित्र पाहणारा त्या माणसांकडे पाहतो. खेळात मात्र मुलाचा हात व्यापाऱ्याचा हात होतो, आणि रचना नीट जमली म्हणून मूल खूष होते.

त्याच २०१५ साली ‘स्लेट’ या अमेरिकी नियतकालिकाने एक हलता नकाशा सिद्ध केला. ३१५ वर्षांतील २०,५२८ सफरी दोन मिनिटांत डोळ्यांपुढून जातात. एक ठिपका म्हणजे एक जहाज. माणसे अधिक तर ठिपका मोठा. आरंभी तुरळक असलेले ठिपके अठराव्या शतकात थव्याथव्यांनी निघतात. बहुतेक ब्राझील व कॅरिबियन बेटांकडे वळतात. उत्तर अमेरिकेच्या वाट्याला शंभरांत चार माणसेही येत नाहीत. पाठ्यपुस्तकातील दहा पानांनी हे इतके स्पष्ट होणार नाही.

नकाशा थांबवून ठिपका निवडला की जहाजाचे निशाण, निघण्याचे व पोहोचण्याचे ठिकाण कळते. आतल्या माणसांची नावे तेथे नाहीत. हे आकडे मुख्यत्वे जहाजवाल्यांच्या आणि बंदरांच्या दप्तरांतले. तेथे माणसे मालासारखी मोजली जात. म्हणून चित्रपट करणाऱ्या आपल्या मुलांना माझे सांगणे आहे की, त्या रिकाम्या जागी कल्पनेचे चेहरे घाईने रंगवू नका. (करुण संगीत तर नकोच!)

आता दिवे मालवावेत. प्रथम ‘ब्रूक्स’चा आराखडा, मग नकाशा. १७८० च्या आसपास मी तो थांबवीन. मुलांपैकी कोणीतरी पुढे येऊन एक ठिपका निवडावा.