जमिनीखालची पाइपलाइन आणि संगणकावरचा नकाशा



अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या आसपास ज्यांची शेती आहे, त्यांनी आपल्या जमिनीखाली काय काय पुरलेले आहे ते एकदा आठवून पाहावे. स्वतःची पीव्हीसी लाइन, मोटारीची केबल, भाऊबंदांची सामाईक लाइन. रस्त्याकडेला कारखान्यांचे पाणी आणि वीज. हा नकाशा बहुधा वडिलांच्या डोक्यात असतो, फार तर वहीच्या एखाद्या पानावर. तो संगणकावर उतरवून घेणे चांगलेच. पण उतरवताना झालेली चूक बहुतेक वेळा जेसीबी लागल्यावरच कळते.

सोलापूर सुमारे १७.६६ अंश उत्तर अक्षांश व ७५.९ अंश पूर्व रेखांशावर आहे. हे आकडे उलटे भरले गेले, तर तुमची विहीर नॉर्वेच्याही उत्तरेला बर्फाळ समुद्रात दिसेल! ही चूक बरी, लगेच ध्यानात येते. फसवी चूक मिनिटांची. १७ अंश ३९ मिनिटे म्हणजे १७.६५ अंश, कारण ६० मिनिटांचा एक अंश होतो. ते १७.३९ असे लिहिले, तर शेत सुमारे २९ किलोमीटर दक्षिणेला सरकते.

सगळा नकाशा एकाच दिशेने सारखाच सरकलेला दिसला, तर एकेक व्हॉल्व्ह हलवीत बसू नये. जुन्या टोपोशीटचा पाया एव्हरेस्ट गोलाभाचा, तर मोबाइलचा डब्ल्यूजीएस ८४ चा. दोष त्या पायात असतो व तो तिथेच दुरुस्त करावा लागतो. फुटांचे आकडे मीटर म्हणून भरले, तर मात्र क्षेत्र पावणेअकरा पट फुगते.

कोपऱ्यांचा क्रमही महत्त्वाचा आहे. १०० मीटर लांब-रुंद, म्हणजे एक हेक्टरच्या चौरस शेताचे कोपरे १, २, ३, ४ ऐवजी १, ३, २, ४ असे भरले, की कडा एकमेकींना छेदतात, आकृती डमरूसारखी होते आणि हिशेबात क्षेत्र शून्य येऊ शकते.

आता माझीच चूक सांगतो. एका शेतकऱ्याच्या नकाशात लाइनचे तुकडे टी-जोडाजवळ थोडे थोडे तुटलेले होते. पडद्यावर जुळलेले दिसत, मोठे करून पाहिले की फट. मी संगणकाला सांगितले, तीन मीटरच्या आतील टोके जोडून टाक. फटी मिटल्या. पण शेजाऱ्याची लाइन बांधापलीकडे जेमतेम दोन मीटरवर होती; तीही याच लाइनला चिकटली. त्या नकाशावरून चर आखला आणि भर मे महिन्यात शेजाऱ्याची लाइन फुटली. उभ्या भाजीपाल्याला चार दिवस पाणी नव्हते. दोन्ही घरांचे बोलणे बंद झाले, ते माझ्यामुळे. तेव्हापासून मी जोडण्याचे अंतर अर्ध्या मीटरच्या वर ठेवत नाही आणि प्रत्येक जोड मालकाला दाखवूनच पक्का करतो. एकमेकींवरून जाणाऱ्या दोन लाइनी जोडलेल्याच असतात असेही नाही. एक वर, एक खाली असू शकते.

मोबाइल मोकळ्या रानातही चार-पाच मीटर चुकतो. म्हणून प्रत्येक व्हॉल्व्हचे अंतर विहिरीचा कठडा, विजेचा खांब अशा तीन पक्क्या खुणांपासून टेपने मोजून लिहावे. दोनच खुणा घेतल्या तर जागा दोन निघतात. सोबत खोलीही लिहावी. रस्त्याकडेला खोदायचे असल्यास केंद्र सरकारने २०२३ साली सुरू केलेल्या 'कॉल बिफोर यू डिग' ॲपवर आधी कळवावे, आणि लाइनीजवळचा शेवटचा मीटरभर भाग यंत्राने न खोदता कुदळीने उकरावा.