‘उन्हाळी’ अंगावर काढू नका!

(एका महिला मंडळाच्या आरोग्य व्याख्यानमालेत एका होमिओपॅथी वैद्यांनी केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



लघवीला जळजळ होऊ लागली की ‘उन्हाळी लागली’ असे आपण म्हणतो. धन्या-जिऱ्याचे पाणी, सब्जा, वाळ्याचे सरबत घेतो आणि विसरून जातो. पण हीच उन्हाळी पावसाळ्यात लागली, थंडीतही लागली, तर? सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षातून तीनदा मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग झाला, तर तो ‘वारंवार होणारा’ संसर्ग मानला जातो आणि त्याचे कारण शोधावे लागते.

हे दुखणे स्त्रियांच्याच वाट्याला अधिक का येते? पुरुषाचा मूत्रमार्ग सुमारे वीस सेंटिमीटर लांब, तर स्त्रीचा जेमतेम चार. आतड्यातले ई. कोलाय जंतू तिच्या मूत्राशयात सहज पोहोचतात. त्यात लघवी अडवून धरण्याची सवय! चरकसंहितेत अडवू नयेत असे तेरा वेग सांगितले आहेत. त्यांत मूत्राचा वेग आहे. परंतु शाळेत, बाजारात, प्रवासात स्वच्छतागृहच नसेल, तर बाईने काय करावे? ती पाणी पिणेच सोडते. स्वच्छतागृहांच्या हक्कासाठी मुंबईत २०११ मध्ये चळवळ उभी राहिली, ती उगीच नव्हे.

आता माझ्या शास्त्राविषयी. सॅम्युएल हानेमान यांनी १७९६ मध्ये ‘समाने समानाचे शमन’ हे तत्त्व मांडले. कँथारिस हा एक भुंगा. त्याच्या विषाने लघवीला तीव्र आग होते, म्हणून तशाच आगीवर आम्ही त्याचे अतिसौम्य औषध देतो. रुग्णाची प्रकृती, मनःस्थिती पाहून कोणाला स्टॅफिसॅग्रिया, कोणाला सेपिया देतो. तासभर निवांत ऐकून घेणारा वैद्य भेटला की संकोचाने दडवलेल्या कितीतरी गोष्टी बाई बोलते. याचे मोल मी कमी मानत नाही.

परंतु व्यासपीठावरून अर्धसत्य सांगणे पाप आहे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले. कोणत्याही आजारावर होमिओपॅथी गुणकारी असल्याचा विश्वसनीय पुरावा तिला आढळला नाही. स्वित्झर्लंडमध्ये कण्याला इजा झालेल्या रुग्णांत नेहमीच्या उपचारांना होमिओपॅथीची जोड दिल्यावर संसर्ग कमी झालेले दिसले. पण तो अभ्यास लहान होता आणि रुग्णांना आपण कोणते औषध घेतो हे ठाऊक होते.

व्यवसायाच्या आरंभी माझ्याकडे एक गृहिणी आल्या. ‘ॲलोपॅथीची औषधे मला उष्ण पडतात,’ म्हणाल्या. मी गोळ्या दिल्या आणि दोन दिवस वाट पाहायला सांगितली. तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप, कुशीत कळा! संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला होता. रुग्णालयात त्या वाचल्या. पण ते दोन दिवस मी विसरलो नाही. तेव्हापासून माझा नियम आहे : आधी लघवीची तपासणी आणि कल्चर, मग बाकीचे. जंतू सापडले तर प्रतिजैविक घ्यायचे आणि सांगितलेले दिवस पूर्ण घ्यायचे. अर्ध्यावर सोडाल, तर जंतू निर्ढावण्याची भीती वाढते. माझ्या गोळ्या फार तर त्याच्या सोबतीला. त्याच्या जागी कधीच नाही.

ताप, उलटी, पाठीत कळ किंवा लघवीत रक्त दिसले, रुग्ण गर्भवती, मधुमेही, लहान मूल वा पुरुष असेल, तर क्षणभरही थांबू नका.

आणि पाणी! कमी पाणी पिणाऱ्या, वारंवार संसर्ग होणाऱ्या १४० स्त्रियांवर झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज दीड लिटर पाणी अधिक पिणाऱ्यांना वर्षात सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, इतरांना ३.२ वेळा. या औषधाला ना पैसा लागतो, ना वैद्य. पाळी थांबलेल्या भगिनींसाठीही स्त्रीरोगतज्ज्ञांकडे स्थानिक इस्ट्रोजेनचा उपाय आहे. विचारायला लाजू नका.

घरातल्या पुरुषांना एकच विनंती. प्रवासात गाडी थांबवायला तिने सांगण्याची वाट पाहू नका, तुम्हीच विचारा. लाजेपायी सोसलेले दुखणे हा त्याग नव्हे, ती आपणा सर्वांची बेपर्वाई आहे.