पंधरा ऑगस्टला आपण कुठं उभ्या असतो?

आम्ही हडपसरहून बोलतोय. आमचा चौदा जणींचा बचत गट आहे. कुणी गाडीतळाजवळ भाजी विकते, कुणी घरी शिवणकाम करते, चौघी घरकामाला जातात, एक अंगणवाडीत मदतनीस आहे. रेडिओच्या ताई म्हणाल्या, "पंधरा ऑगस्ट आलाय. तुमच्या आठवणी सांगा, आणि यंदा काय करणार तेही सांगा." हप्ते गोळा करून झाल्यावर आम्ही त्यावरच बोलत बसलो. बोलता बोलता रात्रीचे नऊ वाजले, कुणाच्या घरी कुकर लागला नव्हता. त्या बैठकीत जे निघालं, ते तुम्हाला सांगतो.

आधी आठवणी. आम्ही चौदा जणी पाच-सहा जिल्ह्यांतल्या, पण शाळेतल्या पंधरा ऑगस्टची आठवण सगळ्यांची सारखीच निघाली. आदल्या दिवशी शाळेची जमीन शेणानं सारवायची. गणवेश धुऊन त्याला नीळ द्यायची. घरात इस्त्री नसायची, मग तांब्यात निखारे घालून तो कपड्यावर फिरवायचा, नाहीतर रात्री घडी करून अंथरुणाखाली ठेवायचा. श्रावणातला पाऊस, रस्त्यात चिखल, आणि त्यातून प्रभातफेरी. घोषणा देऊन घसा बसायचा. शेवटी हातावर दोन लिमलेटच्या गोळ्या. त्यातली एक खायची आणि एक धाकट्या भावंडासाठी मुठीत धरून घरी न्यायची. घरी पोचेपर्यंत ती हाताला चिकटलेली असायची.

मग लग्नं झाली, हडपसरला आलो, पोरं शाळेत गेली आणि पंधरा ऑगस्टला आपलं काम बदललं. आता गणवेश आपण धुवायचा. पहाटे पाचला जाऊन कार्यक्रमाची जागा झाडायची, रांगोळी काढायची, हार ओवायचे, चहा ठेवायचा, जिलेबीच्या प्लेटा भरायच्या.

गेल्या वर्षीची गोष्ट. एका कार्यक्रमासाठी आमच्यातल्या तिघींनी दीड तास बसून तिरंग्याच्या रंगांत मोर काढला होता. पाहुणे आले ते फोटोच्या घाईत मोरावरूनच गेले. भाषणं झाली, सत्कार झाले. शेवटी माईकवरून आवाज आला, "चहापानाची व्यवस्था महिला मंडळींनी केली, त्यांचे आभार." नाव एकीचंही नाही.

आम्हाला राग आला, पण तो तसा रोजचाच. खरं लागलं ते आमच्या मोठ्या काकूंचं बोलणं. काकू आमच्यात सगळ्यात वडील. देश स्वतंत्र झाला तेव्हा त्या चार-पाच वर्षांच्या होत्या. त्यांच्या माहेरी, सोलापूरकडच्या खेड्यात, वडिलांनी खांद्यावर बसवून झेंडा दाखवला होता आणि हातावर साखर ठेवली होती. एवढंच त्यांना आठवतं. भांडी आवरताना त्या सहज म्हणाल्या, "बापाच्या खांद्यावरनं पाहिला तेवढाच गं. लग्नानंतर झेंडा वर जाताना मी कधी बघितलाच नाही. राष्ट्रगीत ऐकू यायचं, तेव्हा मी मागं चहाजवळ असायची. तिथंच उभी राहायची, हातात पातेलं घेऊन."

मैत्रिणींनो, तुमच्यातल्या कितीजणींचं असंच झालं असेल? जरा आठवून बघा.

यंदाच्या बैठकीत हाच विषय पुन्हा निघाला. एक जण म्हणाली, "एवढं काय मनाला लावून घ्यायचं? स्वातंत्र्य तर सगळ्यांना मिळालंय." तेव्हा आमच्यातल्या धाराशिवच्या दोघी हसल्या. म्हणाल्या, "सगळ्यांना एका दिवशी कुठं मिळालं? आमच्या मराठवाड्यात तेव्हा निजामाचं राज्य होतं. आमचा झेंडा लागला तो १७ सप्टेंबर १९४८ ला, तेरा महिन्यांनी." गोव्याला तर १९ डिसेंबर १९६१ उजाडावा लागला. म्हणजे स्वातंत्र्यसुद्धा आपल्या बचत गटासारखं, हप्त्याहप्त्यानं आलं.

हडपसरला साने गुरुजींचं नाव रोज कानावर पडतं, कारण त्यांच्या नावाचं रुग्णालय इथं आहे. त्याच गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण केलं. देश तीन महिन्यांत स्वतंत्र होणार होता आणि विठ्ठलाच्या देवळात दलितांना पाऊल टाकता येत नव्हतं. दहा दिवस गुरुजी उपाशी राहिले, तेव्हा दार उघडलं. दरवर्षी ज्ञानोबांची आणि तुकोबांची पालखी हडपसरला येते आणि इथून एक सासवडच्या वाटेनं, दुसरी लोणी काळभोरच्या वाटेनं पंढरीला जाते. आम्ही वारकऱ्यांना भाकरी-पिठलं वाढतो. त्या पंढरीचा दरवाजा सगळ्यांना मोकळा व्हायला एका माणसाला जीव पणाला लावावा लागला, हे आमच्यातल्या निम्म्याजणींना ठाऊक नव्हतं.

आणि बायकांचा हप्ता? त्याचीही एक गोष्ट ऐका. देशाची पहिली निवडणूक १९५१-५२ ला झाली. मत द्यायचा हक्क बाईलाही पहिल्या दिवसापासून मिळाला. पण यादी करणारे दारात आले, तेव्हा उत्तरेकडच्या कितीतरी बायकांनी आपलं नाव सांगितलं नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच सांगितलं. परक्या माणसाला नाव सांगायची रीत नव्हती. अशी जवळजवळ २८ लाख नावं यादीतून गळाली. हक्क होता, पण नाव उच्चारलं नाही म्हणून तो हातात आला नाही.

आता आपल्या जवळची जागा सांगतो. हडपसरहून मुंढव्याच्या बाजूनं नदी ओलांडून नगर रस्त्याला लागलं की आगाखान पॅलेस येतो. आमच्यातल्या बऱ्याचजणी बसमधून त्याच्यासमोरून शंभरदा गेल्या असतील. मागच्या हिवाळ्यात आम्ही सगळ्या मिळून पहिल्यांदा आत गेलो.

९ ऑगस्ट १९४२ ला पहाटे मुंबईत गांधीजींना पकडलं आणि तिथं आणून ठेवलं. त्या संध्याकाळी शिवाजी पार्कला गांधीजींची सभा होती. कस्तुरबा म्हणाल्या, त्यांच्या जागी मी बोलते. त्या सभेला निघाल्या म्हणून त्यांनाही पकडलं आणि दोन दिवसांनी इथंच आणलं. आम्हाला वाटायचं, कस्तुरबा नवऱ्यामागून तुरुंगात गेल्या. तसं नव्हतं. त्या बोलणार होत्या म्हणून सरकारला त्यांची भीती वाटली. तेव्हा त्यांचं वय ७३ होतं. इथं कोंडलेल्या असताना गांधीजी त्यांना भूगोल शिकवायचे. या वयात त्या गावांची आणि प्रांतांची नावं पाठ करायच्या आणि त्यात चुकायच्या. आमच्या काकूंना हे फार आवडलं. त्या आमच्या गटात सही करायला शिकल्या, तेव्हा सत्तरीच्या पुढं होत्या.

तिथं आणखी एक तारीख कळली. गांधीजींचे चिटणीस महादेवभाई देसाई याच वाड्यात अटकेत होते. आल्यावर सहाव्या दिवशी त्यांचं हृदय थांबलं. तो दिवस १५ ऑगस्ट १९४२. बरोबर पाच वर्षांनी त्याच तारखेला देश स्वतंत्र झाला. कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ ला, महाशिवरात्रीच्या दिवशी, तिथंच गेल्या. गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताची साडी नेसवून त्यांना निरोप दिला. दोघांच्या समाध्या तिथं शेजारी शेजारी आहेत. आम्ही नुसत्या बघून आलो नाही, थोडा वेळ बसलो. कुणी फारसं बोललं नाही. परत येताना बसमध्ये काकू म्हणाल्या, "बाई भाषणाला निघाली होती, आणि आपण चहाजवळून हलत नाही."

तर यंदाचा आमचा बेत असा आहे.

मोठ्या कार्यक्रमाच्या मंडळींना आम्ही विचारलं, झेंड्याची दोरी यंदा काकूंच्या हाती द्याल का? ते म्हणाले, पाहुणे ठरलेत, पुढच्या वर्षी बघू. आम्ही भांडलो नाही. आमच्या गल्लीत आम्हीच झेंडा लावणार आहोत. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. २००२ च्या ध्वजसंहितेपासून साध्या नागरिकालाही वर्षाच्या कुठल्याही दिवशी मानानं झेंडा लावता येतो. दोरी काकू ओढतील. झेंड्यात बांधायला फुलांच्या पाकळ्या चालतात, त्या आमची भाजीवाली मैत्रीण आणणार आहे.

चहा पहाटेच करून थर्मासमध्ये भरून ठेवायचा. झेंडा वर जाताना एकही बाई मागं राहणार नाही. चहा नंतर गल्लीतली पोरं देतील. त्यांना विचारून झालंय. दोघांनी तोंडं वाकडी केली, बाकीचे तयार झाले.

राष्ट्रगीत झालं की प्रत्येकीनं पुढं येऊन आपलं पूर्ण नाव सांगायचं, आईच्या नावासकट. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळाच्या नावात सरकारी कागदावर आधी आईचं नाव येतं, मग वडिलांचं. ते बाळांसाठी आहे, पण तोंडानं सांगायला आम्हाला कोण अडवणार? सरावाला सुरुवात केली, तर एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. आईचं नाव तिनं कितीतरी वर्षांत उच्चारलं नव्हतं.

झेंड्याची काळजी तुम्हीही घ्या. केशरी पट्टा वर. फाटका, मळका झेंडा लावू नका. तो जमिनीला टेकू देऊ नका. चढवताना झपकन, उतरवताना सावकाश. प्लास्टिकचे झेंडे घेऊच नका. पोरांच्या हातातले कागदी झेंडे संध्याकाळी गोळा करा. रस्त्यात, गटारात पडलेले झेंडे सोळा तारखेला झाडणारी बहुतेक वेळा बाईच असते.

आता गावाकडच्या मैत्रिणींनो, तुमच्याकडं एक मागणं आहे. हडपसरही कधीकाळी गाव होतं. महापालिकेत गेलं आणि आमची ग्रामसभा संपली. पाणी आलं नाही तर आम्ही एका दारातून दुसऱ्या दारात फिरतो. तुमच्याकडं ग्रामसभा आहे. बहुतेक गावांत ती पंधरा ऑगस्टला किंवा त्याच्या आसपास असते. झेंडावंदन झालं की आपण घरी स्वयंपाकाला जातो आणि सभा पुरुषांची होते. यंदा तसं करू नका.

कायद्यानं ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते आणि तिथं ठरलेलं ग्रामसभेपुढं मांडायचं असतं. ती महिला सभा तुमच्याकडं खरोखर होते की नुसती वहीत होते, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्याला विचारा. एकटीनं जाऊ नका, पाच-सहा जणी जा. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यात जो आकडा कमी असेल तेवढी हजेरी लागते. तेवढी नसली की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा हजेरीची अट राहत नाही. मग चार माणसं बसून ठराव करतात. आपण तीस-चाळीस जणी गेलो, तर पहिल्याच सभेला वजन येतं.

मागणी एकच न्या, पण लिहून न्या. अंगणवाडीचं छप्पर असेल, पाण्याची टाकी असेल, नाहीतर घराच्या उताऱ्यावर नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावायचं असेल. अर्ज दोन प्रतींत करा आणि एका प्रतीवर पोच घ्या. जिला बोलायची भीती वाटते, तिनं नुसतं आपलं नाव सांगून खाली बसलं तरी चालेल. २०११ पासून आपल्या राज्यात पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत. सरपंच बाई असेल आणि तिच्याऐवजी घरातलं दुसरं कुणी बोलत असेल, तर तिच्या शेजारी जाऊन बसा. आपली माणसं शेजारी दिसली की आवाज फुटतो.

आमच्यातल्या दोघी त्या दिवशी दुपारी गाडी पकडून माहेरच्या गावी जाणार आहेत. त्यांची मतं आता हडपसरला आहेत, त्यामुळं त्या तिथं नुसत्या बसतील आणि भावजयांना धीर देतील. बाकीच्या आम्ही आगाखान पॅलेसला जाऊ. पाच वर्षं आधीचा तो पंधरा ऑगस्टही आठवायला हवा.

काकूंची सध्या एकच काळजी आहे. दोरी ओढायला हातात जोर राहील का? आम्ही सांगितलंय, काकू, जोर कमी पडला तर मागून आम्ही तेरा जणी आहोत. त्या म्हणाल्या, "नको गं, मागून नको. शेजारी उभ्या राहा."

तुमच्या गावात काय झालं, कोण बोललं, कोण पुढं उभी राहिली, ते रेडिओच्या पत्त्यावर नक्की कळवा. नाव मात्र पूर्ण लिहा. नमस्कार.