हारकडे आणि दुधाचे दात

होळीच्या आठवड्यात नाशिकच्या बाजारात हारकड्यांच्या माळा टांगलेल्या दिसतात. लाकडी साच्यात दोरा ठेवून त्यावर साखरेचा पाक ओततात आणि काही मिनिटांत पांढरी, गुलाबी, पिवळी पदके तयार होतात. मुलाच्या गळ्यात हार पडतो, मनगटात कडे चढते. मग ते पोर दिवसभर हार चाटत हिंडते. दोरा ओला होतो, सदऱ्याची कॉलर गुलाबी होते आणि संध्याकाळी गळ्यात जेमतेम दोन पदके उरतात. दाताला खरा अपाय या दिवसभराच्या चाटण्याने होतो.

तोंडातले जंतू, विशेषतः स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स, साखरेपासून आम्ल तयार करतात. दातालगतचा सामू साधारण ५.५च्या खाली उतरला की दाताच्या कवचातले, म्हणजे इनॅमलमधले, क्षार विरघळू लागतात. लाळ हे आम्ल निववते आणि गेलेले क्षार थोडे थोडे परत भरते. याला अर्धा ते एक तास लागतो. तेवढ्यात हार पुन्हा तोंडात गेला, तर लाळेची सगळी मेहनत वाया.

स्वीडनमधील व्हिपेहोल्म संस्थेतल्या प्रयोगात हेच आढळले. त्याचे निष्कर्ष १९५४ साली प्रसिद्ध झाले. जेवणासोबत दिलेल्या साखरेने दात फारसे किडले नाहीत. दोन जेवणांच्या मध्ये वरचेवर दिलेल्या चिकट टॉफीने मात्र कीड झपाट्याने वाढली. बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांवर, त्यांच्या संमतीवाचून हा प्रयोग झाला होता, हे विसरता येणार नाही.

म्हणून हारकडे बंद करण्याची गरज नाही. सणाला पोराचा गळा रिकामा ठेवणे क्रूरपणाचेच. हार मिरवून झाला की काढून डब्यात ठेवावा आणि दोन पदके पुरणपोळीच्या ताटातच वाढावीत. वर पाणी प्यायला द्यावे. संक्रांतीची चिकी आणि नाशिकचा बेदाणा यांनाही हाच नियम लागू, कारण दोन्ही दाढेच्या खाचांत चिकटून बसतात. गूळ दातांना साखरेपेक्षा सौम्य असतो, हा समज चुकीचा आहे.

झोपेत लाळ कमी सुटते. त्यामुळे रात्रीचे दात घासणे सर्वांत मोलाचे. त्यानंतर पाण्याखेरीज काही देऊ नये. फ्लोराइड असलेली पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पुरते. मुलाने पेस्ट थुंकावी, पण लगेच खळखळून चुळा भरू नयेत.

दुधाच्या दातांचे कवच पातळ असते, त्यामुळे कीड लवकर आत शिरते. महिन्यातून एकदा मुलाला उजेडात बसवून त्याचा वरचा ओठ उचलून पाहावा. हिरडीलगत खडूसारखा पांढुरका पट्टा दिसला, तर ती किडीची सुरुवात असू शकते. या टप्प्यावर फ्लोराइडने आणि खाण्याच्या सवयी बदलून दात सावरता येतो. खड्डा पडल्यावर तो आपोआप भरत नाही.

सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. ती येताना कोणताच दात पडत नाही, म्हणून घरचे तिलाही दुधाची समजतात आणि कीड दिसली तरी ‘पडेलच’ म्हणून सोडून देतात. या दाढेच्या खोल खाचा दंतवैद्याकडून सीलंटने बुजवून घेता येतात.