‘आपल्या रक्तातच आहे ते’

(वर्षावासातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आमचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. आजोबाही खोकून खोकूनच गेले होते. त्यांना काय झाले होते ते कोणी तपासलेच नाही. बाबांच्या थुंकीत रक्त दिसले तेव्हा सगळ्यांना आधी टीबीच आठवला. चार महिने टीबीच्या गोळ्यांत गेले. खरा आजार कळेपर्यंत उशीर झाला होता. पुण्यानुमोदनाच्या दिवशी चुलतभाऊ म्हणाला, “आपल्या रक्तातच आहे ते.” एवढे बोलून त्याने विडी पेटवली. आम्हीही त्याच्याकडून एक मागून घेतली.

बँकेत कर्जदारांच्या विम्याचे फॉर्म आमच्या हाताखालून जातात. त्यात आईवडिलांना कोणता आजार होता हे विचारतात आणि तुम्ही तंबाखू घेता काय, हेही विचारतात. पुढे एकदा स्वतःचाच फॉर्म भरताना या दोन प्रश्नांवर आमचा हात थांबला.

घराण्याचा प्रश्न खोटा नाही. १९६३ साली तोकुहाता व लिलियनफेल्ड या संशोधकांनी अमेरिकेत दाखवले की, फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या नातेवाइकांत हा आजार अधिक आढळतो, विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांतसुद्धा. आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला तो झाला असेल तर धोका साधारण दीडपट ते दुप्पट होतो. सिगारेट ओढणाऱ्याचा धोका मात्र न ओढणाऱ्याच्या पंधरा ते तीसपट सांगतात. दुप्पट कुठे आणि पंधरापट कुठे! शिवाय घराण्यातून नुसते रक्त येत नाही. बाबा ज्या खोलीत ओढत, त्याच खोलीत आम्ही अभ्यास करीत होतो आणि आई भाकरी थापीत होती. तो धूरही वारशातच आला.

जन्माने कोणी नीच ठरत नाही, कर्माने ठरतो, असे तथागतांनी वसलसुत्तात सांगितले. जन्माने माणसाचे भविष्य ठरते ही गोष्ट आपल्या समाजाने १९५६ साली नागपूरला टाकून दिली. आणि खोकल्याच्या बाबतीत मात्र आपण ‘रक्तातच आहे’ म्हणून मोकळे होतो! ज्याच्या घरात हा आजार होऊन गेला, त्याने तर विडीपासून इतरांपेक्षा दूर राहायला हवे. आम्ही नेमके उलटे केले.

काही ज्येष्ठ म्हणतात, विडी म्हणजे पानातली, ती सिगारेटसारखी बाधत नाही. विडीत तंबाखू थोडा असतो हे खरे. पण तेंदूचे पान विझू नये म्हणून झुरके जास्त, आणि जोराने घ्यावे लागतात. डांबर आणि विषारी वायू छातीत जातोच. विड्या वळून आपली पुष्कळ घरे जगली, याचाही आम्हाला विसर नाही. ‘जयभीम’ हा अभिवादनाचा शब्द रूढ करणारे कामठीचे बाबू हरदास विडी कामगारांचे संघटक होते. १९३९ साली क्षयाने ते गेले. वळणाऱ्यांच्या पोटाचा प्रश्न वेगळा, ओढणाऱ्यांच्या छातीचा वेगळा.

पाचव्या शीलात तंबाखूचे नाव नाही, हाही एक युक्तिवाद ऐकू येतो. कसे असणार? तंबाखू या देशात पोर्तुगीजांबरोबर आला, बुद्धानंतर दोन हजार वर्षांनी. पारशी बांधव अग्नीला पवित्र मानतात, म्हणून त्यांच्यात धूम्रपान कमी. मुंबईत १९६३ पासून कर्करोगाच्या नोंदी ठेवू लागले, तेव्हा त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळला. श्रद्धेने एवढे होते, तर आपल्याला शील आणि विज्ञान दोन्ही आहेत.

सोडून काय उपयोग, असे पन्नाशीतले लोक विचारतात. सोडल्यावर दहा-पंधरा वर्षांत हा धोका जवळपास निम्म्यावर येतो. आमचे मात्र दोनदा सोडून दोनदा सुरू झाले, तिसऱ्यांदा सुटले. तेव्हा पहिल्या खेपेला हरलेल्यांनी लाजू नये.

चुलतभाऊ समोरच बसला आहे. त्याला विचारूनच सांगतो. त्याचा खोकला महिन्यावर गेला आहे. थुंकी तपासली, त्यात टीबी निघाला नाही. तेवढ्यावर न थांबता मंगळवारी त्याला छातीच्या पुढच्या तपासणीसाठी बुलढाण्याला नेत आहोत. आणखी कुणाचा खोकला तीन आठवड्यांवर गेला असेल, तर कार्यक्रम संपल्यावर आम्हाला भेटावे. जीपमध्ये चार जागा आहेत.

जयभीम!