उन्हातली तिहेरी शर्यत आणि तंबूतला मुक्काम



ऊन म्हणजे काय, हे सोयगावच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी, तापीच्या खोऱ्याकडे उतरलेला हा तालुका. मे महिन्यात दिवसभर तापलेला कातळ दिवेलागणीलासुद्धा झळा सोडत असतो. इथला शेतकरी अकराच्या आत रानातलं काम उरकतो आणि ऊन कलेपर्यंत सावली धरतो. अशा माणसानं विचारलं, की पदरचे पैसे भरून, सुट्टी काढून लोक उन्हात पोहायला, सायकल मारायला आणि पळायला कशासाठी जातात, तर त्याचा प्रश्न रास्त आहे. आज त्याचंच उत्तर पाहू.

या खेळाला ट्रायथलॉन म्हणतात. आधी पोहायचं, मग सायकल, शेवटी धावणं, आणि मध्ये घड्याळ थांबत नाही. 1974 साली अमेरिकेत सॅन डिएगो इथं अशी पहिली शर्यत झाली. 1978 मध्ये हवाई बेटांवर तिचा एक अतिशय कठीण प्रकार सुरू झाला, तो म्हणजे आयर्नमॅन. 3.8 किलोमीटर पोहणं, 180 किलोमीटर सायकल आणि वर पूर्ण मॅरेथॉन. त्या पहिल्या वर्षी 15 जण उतरले आणि 12 जणांनी ती पुरी केली. 2000 साली सिडनीत ट्रायथलॉन ऑलिंपिकमध्ये आला. तिथलं अंतर माफक असतं: दीड, चाळीस आणि दहा किलोमीटर.

आपल्या जवळचं उदाहरण गोव्याचं. 20 ऑक्टोबर 2019 रोजी पणजीजवळ मिरामारच्या किनाऱ्यावर आयर्नमॅनच्या निम्म्या अंतराची शर्यत झाली. 1.9 किलोमीटर समुद्रात पोहणं, 90 किलोमीटर सायकल, 21.1 किलोमीटर धावणं. ऑक्टोबरचा उकाडा आणि हवेत समुद्राचा दमटपणा. तरीही पुण्या-नाशिकहून, कोल्हापूरहून माणसं जातात, आणि परत आली की पुढच्या वर्षाची तयारी सुरू करतात. त्यात डॉक्टर असतात, पोलीस असतात, शिक्षक असतात, पन्नाशी ओलांडलेल्या गृहिणी असतात.

त्यांना यात काय आवडतं?

पहिली गोष्ट पाणी. तलावात भिंतीला हात लावून परतता येतं, उघड्या पाण्यात तसं होत नाही. समोर फक्त एक रंगीत फुगा तरंगत असतो, त्याच्याकडे नजर ठेवून हात मारायचे. थंड देशांत रबरी पोशाख घालून पोहतात. गोव्याचं पाणी कोमट, त्यामुळे अंगावर साधे कपडे पुरतात. ऊन चढायच्या आतला हा तास बहुतेकांच्या मनात राहतो.

दुसरी गोष्ट पाण्यातून सायकलकडे जातानाची धांदल. ओल्या पायांना वाळू चिकटलेली, मोजा अर्ध्यावर अडकलेला, शेजारचा अनोळखी माणूस स्वतःची घाई सोडून सांगतो, "दादा, हेल्मेटचा पट्टा लावा आधी." पट्टा न लावता सायकलला हात लावला तर दंड होतो, म्हणून.

तिसरी गोष्ट ऊन, आणि आजच्या बोलण्याचा गाभा तोच आहे.

शरीर थंड राहतं ते घाम वाळल्यामुळे. नुसता घाम येऊन उपयोग नाही, तो वाळायला हवा. सायकलवर वारा लागतो, घाम पटकन उडतो आणि ऊन जाणवत नाही. उतरून धावायला लागलं की वारा थांबतो आणि उन्हाचा तडाखा एकदम बसतो. गोव्यासारख्या दमट हवेत घाम अंगावरून नुसता निथळतो, शरीर तापतच राहतं. आपल्या कोरड्या हवेत उलटं होतं. घाम येतो कधी आणि उडतो कधी ते कळत नाही. सदऱ्यावर पांढरे मिठाचे डाग दिसतात तेव्हा अंगातलं किती पाणी गेलं याचा अंदाज येतो.

अशा वेळी चांगला पळणाराही चालायला लागतो. पहिला कोण आणि शेवटचा कोण, हा हिशेब मागे पडतो. कुणी टोपीत बर्फ भरून देतो, कुणी अर्धं केळं पुढे करतो, कुणी नुसता सोबत चालतो. शर्यत करून आलेल्यांशी बोला. घड्याळातली वेळ ते एका वाक्यात सांगतात आणि पाणी कुणी दिलं ते मात्र सविस्तर सांगतात. ऊन सगळ्यांना एका पातळीवर आणतं. माझ्या मते या खेळाचा खरा आनंद तिथं आहे.

जिथं शर्यतीला मुक्कामाची जोड असते तिथं हा आनंद दुणावतो. जर्मनीत रोथ नावाचं गाव आहे, वस्ती सुमारे 25 हजार. 1984 पासून तिथं ट्रायथलॉन होतो आणि आज तो जगातल्या मोठ्या शर्यतींत गणला जातो. उन्हाळ्यात माणसं येतात, तंबू ठोकून राहतात, कालव्यात पोहतात. हजारो स्वयंसेवक काम करतात. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी चाकातली हवा तपासता तपासता ओळखी होतात आणि दुसऱ्या रात्री दुखऱ्या पायांनी तीच माणसं पंगतीला शेजारी बसतात. हॉटेलात उतरलेल्याला हे मिळत नाही. तिथं प्रत्येकाचं दार वेगळं.

श्रोतेहो, रोथला जे जमलं त्याची छोटी सुरुवात सोयगावला जमण्यासारखी आहे. हळदा घाटाचा चढ आहे, वेताळवाडीचा किल्ला आहे, रुद्रेश्वर लेणी आहेत, फर्दापूरला जगभरातून माणसं अजिंठा पाहायला येतात. पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी असली की मुक्कामाची पंगत झालीच.

मात्र काही पथ्यं पाळलीच पाहिजेत. उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात, तेवढे दिवस सराव हळूहळू वाढवा. नुसतं पाणी ढोसू नका. त्यानं रक्तातलं मीठ पातळ होतं आणि तेही धोक्याचं असतं. मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी घोट घोट घ्या. उन्हात अंगावर काटा आला, चक्कर आली, बोलणं असंबद्ध झालं, तर तिथंच थांबा. सोबत्याला सावलीत घ्या, अंगावर भरपूर गार पाणी ओता आणि 108 ला फोन करा. उष्माघातात थंड करायला झालेला उशीर जिवावर बेततो. धरणात किंवा विहिरीत जीवरक्षक आणि परवानगी यांशिवाय पोहण्याची शर्यत लावू नका.

म्हणून माझं सांगणं इतकंच: पहिल्या वर्षी पोहणं बाजूला ठेवा. हिवाळ्यातला एक शनिवार-रविवार निवडा. सायकल आणि धावणं, एवढंच करा. शाळेचं मैदान मागा, तंबू लावा, गावातल्या आयाबायांना धावायला बोलवा आणि सगळ्यात शेवटी येणाऱ्यासाठी टाळ्या वाजवायला पूर्ण गाव थांबवा. उन्हातली शर्यत त्यानंतर.