हवामानबदल आणि श्रमिकांची भाकर
(धायरी येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय अधिकारी यांच्यासमोर केलेले भाषण)



आजच्या विषयासाठी धायरीइतके योग्य स्थळ दुसरे क्वचितच सापडेल. कालपर्यंत ग्रामपंचायतीच्या कारभाराखाली असलेले हे गाव ऑक्टोबर २०१७ मध्ये पुणे महानगरपालिकेत आले. शेतजमिनीवर इमारती उभ्या राहिल्या आणि धायरी, नऱ्हे, नांदेड फाटा या पट्ट्यात लहान लहान यंत्रशाळा निघाल्या. हवामानबदलाचे दोन्ही आघात, निसर्गाचा आणि बाजारपेठेचा, येथील श्रमिकाला सोसावे लागणार आहेत.

प्रथम निसर्गाचा आघात पाहू. २५ जुलै २०२४ रोजी अतिवृष्टी झाली, खडकवासला धरणातून मोठा विसर्ग सोडावा लागला आणि सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले. त्याच पहाटे डेक्कन भागात पुलाची वाडी येथे खाद्यपदार्थांची हातगाडी हलविताना विजेचा धक्का बसून तीन तरुण मृत्युमुखी पडले. ते वाचवीत होते ती केवळ एक गाडी नव्हती. ती त्यांची भाकर होती. ज्याची मिळकत बँकेत आहे तो पुरात जीव वाचवून बाहेर पडतो. ज्याची मिळकत रस्त्यावर उभी आहे त्याला जीव धोक्यात घालावा लागतो.

उन्हाचेही तसेच आहे. वाढत्या उष्णतेमुळे २०३० पर्यंत भारतातील कामाच्या एकूण तासांपैकी ५.८ टक्के तास वाया जातील, असा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०१९ मधील अंदाज आहे. हे नुकसान ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ रोजगारांइतके आहे. त्याचा मुख्य भार शेतमजूर व बांधकाम मजूर यांच्यावर पडेल.

दुसरा आघात बाजारपेठेचा. हवा शुद्ध राहावी म्हणून विजेवर चालणारी वाहने आली. २०१९ पासून पुण्यात विजेवरील बसगाड्याही धावू लागल्या. हे स्वागतार्हच आहे. परंतु अशा वाहनाला पिस्टन, व्हॉल्व्ह वा सायलेन्सर लागत नाही. हे सुटे भाग घडविणाऱ्या कारागिराचे काय? मोठा कारखाना नवी यंत्रे आणील. पण दोन लेथ यंत्रे कर्जाने घेतलेला लघुउद्योजक आणि त्याच्याकडे हजेरीपटावर नाव नसलेला कामगार यांना मागणी थांबल्याचे कळेल ते काम बंद पडल्यावरच.

यावर उपाय काय, याचे उत्तर महाराष्ट्राच्या इतिहासातच आहे. १९७२ च्या दुष्काळात लाखो हातांना काम देण्यात आले. त्या अनुभवातून १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला आणि २००५ च्या राष्ट्रीय कायद्याला त्यातूनच प्रेरणा मिळाली. या योजनेसाठी पैसा उभा करण्याकरिता १९७५ मध्ये व्यवसाय कर लागू झाला. आपल्यापैकी अनेकांच्या पगारातून दरमहा २०० रुपये व फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, त्यामागे हे तत्त्व आहे : संकट एकाचे असले तरी भार सर्वांनी वाहावा. दुष्काळात जे तत्त्व आपण स्वीकारले, ते हरित स्थित्यंतरातही स्वीकारले पाहिजे. २०१५ च्या पॅरिस कराराच्या प्रस्तावनेतही कामगारांसाठी न्याय्य स्थित्यंतराचा उल्लेख आहे.

मात्र करारांनी चूल पेटत नाही. त्यासाठी आपल्यापैकी प्रत्येकाने आपला वाटा उचलला पाहिजे. पंचायत सदस्यांनी आपल्या गावातून कोण कोणत्या यंत्रशाळेत जातो, कोणते काम जाणतो, याची नोंद करावी आणि असंघटित कामगारांची नावे २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम नोंदणीत घालण्यास साहाय्य करावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना मोटारीचे वाइंडिंग, सौर पंपांची दुरुस्ती, बॅटरीची देखभाल अशा कामांची ओळख करून द्यावी. अधिकाऱ्यांनी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत सायंकाळचे वर्ग निघतील, हे पाहावे. कारण दिवसाचा रोज बुडवून शिकणे गरिबाला परवडत नाही. आणि भर उन्हाळ्यात दुपारच्या कामाच्या वेळा बदलण्यास तर कोणताही निधी लागत नाही.

मित्रहो, लेथवर लोखंडाला आकार देणारा हात अडाणी नसतो. एक केसभर चूकही त्याच्या बोटांना कळते. त्या हाताला नवे काम शिकविणे अवघड नाही. ते वेळेवर शिकविणे, एवढेच आपल्या हाती आहे. धूर थांबावा ही आपणा सर्वांचीच इच्छा आहे. परंतु कारखान्याचा धूर थांबवताना कोणाच्या घरच्या चुलीचा धूर थांबणार नाही, ही जबाबदारीही आपलीच आहे.

जय हिंद, जय महाराष्ट्र.